ज्याच्या नावाची चिठ्ठीच नव्हती

मार्च २००८मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी ऐंशी ओलांडलेल्या काही म्हाताऱ्यांना बिल्ले दिले. हे म्हातारे दुसऱ्या महायुद्धात सैनिक नव्हते. अठराव्या-विसाव्या वर्षी सरकारने त्यांना फौजेऐवजी कोळशाच्या खाणीत धाडलं होतं. त्यांना 'बेव्हिन बॉईज' म्हणत, म्हणजे अर्नेस्ट बेव्हिन या कामगारमंत्र्याची पोरं. युद्ध संपून त्रेसष्ट वर्षं झाल्यावर देशाने त्यांची दखल घेतली. उशीर झाला खरा, पण झालं ते चांगलंच झालं.

मी मात्र अडलो तो बिल्ल्याच्या नियमांवर. बिल्ला कोणाला? चिठ्ठीत आकडा निघाला म्हणून ज्याला खाणीत जावं लागलं त्याला. फौज की खाण असं विचारल्यावर ज्याने खाण घेतली त्याला. फौजेत असताना जो खाणकामाला तयार झाला त्याला. यातला प्रत्येक जण खाणीत बाहेरून आलेला आहे. जो आधीपासून तिथेच होता, चौदाव्या वर्षी बापामागोमाग खाणीत नेणाऱ्या पिंजऱ्यातून खाली उतरला होता आणि युद्धाची सगळी वर्षं खालीच राबला, तो या नियमांत कुठेच बसत नाही.

त्या मुलाची वकिली करायला हा लेख. बेव्हिन बॉईजचा मान काढून घ्यायचा नाही. त्यांनी पुरेसं सोसलं आहे, त्याबद्दलही पुढे येईलच. पण देश कोणाच्या कष्टाला 'सेवा' म्हणतो आणि कोणाच्या कष्टाला नुसती 'नोकरी', हा प्रश्न त्या बिल्ल्याएवढा लहान नाही.

साउथ वेल्समध्ये ऱ्होंडा, अॅबरडेअर, मर्थर, एब्बू व्हेल अशा दऱ्या उभ्या-आडव्या पसरल्या आहेत. वर बोडका डोंगर, उतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा आणि तळाशी खाण. १९१३ साली या पट्ट्याने सुमारे पाच कोटी सत्तर लाख टन कोळसा काढला. कार्डिफ आणि बॅरी या बंदरांतून तो जगभर जाई. मुंबईला येणाऱ्या आगबोटींच्या भट्ट्यांतही तो जळत असे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेंगेनिड गावच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाण-अपघात. खाणीच्या व्यवस्थापकाला त्याबद्दल झालेला दंड होता २४ पौंड. कोळशाचा भाव आणि माणसाचा भाव, दोन्ही या एकाच सालात शेजारी शेजारी मांडलेले दिसतात.

आपला मुलगा याच दऱ्यांतला, १९२६चा धरू. त्या वर्षी मालकांच्या टाळेबंदीत खाणी सहा-सात महिने बंद होत्या, म्हणजे पाळण्यातच त्याने उपास पाहिला. पुढे मंदी आली. मर्थरसारख्या गावात तिशीच्या दशकात निम्म्याहून जास्त कामगार बेकार होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वेल्समधून चार लाखांहून अधिक माणसं पोटासाठी बाहेर पडली; काही इंग्लंडच्या मोटारकारखान्यांत गेली, काही लंडनमध्ये घरकामाला लागली. मुलाचा थोरला भाऊ, मामा, शेजारचा पोरगा असे एकेक करून गेले असणार. राहिले त्यांना खाण, नाहीतर कामगार-भवनाच्या ग्रंथालयातली गरम खोली. (ही ग्रंथालयं कामगारांनी आपल्या पगारातून पेनी-पेनी कापून उभारली होती. गिरणगावातल्या वाचनालयांची आठवण येणाऱ्यांना येईल.)

१९४०मध्ये तो चौदाचा झाला आणि शाळा सुटली. तेव्हा शाळा सोडण्याचं वय तेवढंच होतं. खाणीत तो एका अनुभवी कामगाराच्या हाताखाली लागला. तिथल्या बोलीत जोडीदाराला 'बटी' म्हणतात आणि कोळशाच्या गाडीला 'ड्रॅम'. बटी कोळसा पाडणार; पोराने तो हातांनी पत्र्याच्या उथळ पेटीत ओढून घ्यायचा, पेटी छातीशी धरून ड्रॅमपर्यंत न्यायची आणि ओतायची. दिवसभर हेच. जेवणाचा डबाही पत्र्याचा आणि घट्ट झाकणाचा, कारण कागदात गुंडाळलेला पाव उंदीर ठेवत नाहीत. छप्पर कधी कुरकुरतं आणि ते कुरकुरणं कोणत्या जातीचं आहे, हे ओळखायला शिकवणारा गुरू म्हणजे तो बटीच. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती, आणि ती येत नसलेला माणूस फार दिवस टिकत नसे.

मराठीत आपण 'कमावता' आणि 'कर्ता' असे दोन शब्द वापरतो. पैसे घरी आणणारा तो कमावता. ज्याचं घरात ऐकलं जातं, जो हो किंवा नाही म्हणू शकतो, तो कर्ता. हा मुलगा चौदाव्या वर्षी कमावता झाला. कर्ता व्हायला त्याला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत राज्यसंस्थेने त्याच्याशी काय व्यवहार केला तोच माझा मुद्दा आहे.

जून १९४०मध्ये फ्रान्स पडला. वेल्सच्या कोळशाचं मोठं गिऱ्हाईक एका महिन्यात नाहीसं झालं. खाणी अर्ध्या आठवड्यावर आल्या, काही बंद पडल्या. कामगार फौजेत गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेले. जाऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नाही. काही महिन्यांतच उलटं झालं. कारखाने, रेल्वे, वीज, जहाजं, सगळ्यांना कोळसा हवा आणि तो काढायला हात नाहीत. मे १९४१मध्ये सरकारने 'अत्यावश्यक कामा'चा हुकूम खाणींना लावला. आता खाणकामगाराला सरकारी परवानगीशिवाय काम सोडता येईना. मालकालाही त्याला सहज काढता येणार नव्हतं आणि हजेरी नीट असेल तर आठवड्याच्या किमान पगाराची हमी होती. हुकूम एकतर्फी होता असं म्हणणं खोटं ठरेल. पण पंधरा वर्षांच्या पोराच्या बाजूने पाहा: ज्या दाराने बाप, भाऊ, मामा बाहेर पडले, ते दार त्याच्या पुढ्यात बंद झालं. वैमानिक किंवा विमानातला कर्मचारी म्हणून निवड झाली तर एक फट होती. तिच्यातून जाणारे थोडेच.

साउथ वेल्समधल्याच ब्रिजेंडला दारूगोळ्याचा प्रचंड सरकारी कारखाना निघाला होता. ऐन भरात तिथे तीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती आणि त्यांत बहुसंख्य बायका. दऱ्यांतल्या घरांमध्ये एक नवंच दृश्य दिसू लागलं: वीस वर्षांची मुलगी कारखान्यातून आठवड्याचा पगार आणते आणि तो जमिनीखाली तीस वर्षं काढलेल्या बापाच्या पगारापेक्षा जास्त असतो. मुलीच्या पगाराला माझी हरकत नाही. त्या कारखान्यात स्फोटक पावडरीने हात पिवळे होत, बोटं तुटत. तो पैसा फुकटचा नव्हता. पण घरातल्या मुलाने यातून काय शिकायचं? तुझ्यावाचून देशाचं अडतं, म्हणून तुला जाता येणार नाही. आणि तुला जाता येत नाही, म्हणून तुला जास्त देण्याची गरज नाही. 'अत्यावश्यक' या शब्दाचा खरा अर्थ त्याला तिथे कळला असावा.

३१ ऑक्टोबर १९४२ रोजी चर्चिल लंडनमध्ये खाणकामगारांच्या प्रतिनिधींपुढे बोलले. दऱ्यांमध्ये चर्चिल हे नाव फारसं लाडकं नव्हतं. १९१०मध्ये ते गृहमंत्री असताना टोनिपँडीच्या खाणकामगारांच्या संपात सैन्य आलं होतं आणि लोक ते विसरले नव्हते. तरी भाषण मोठं प्रभावी झालं. त्याचा शेवट असा: पुढे मुलं आपल्याला विचारतील, तुम्ही काय केलंत? कोणी सांगेल, मी लढाऊ विमान चालवत होतो. कोणी सांगेल, मी पाणबुडीत होतो. आणि तुम्ही तेवढ्याच अभिमानाने, तेवढ्याच हक्काने सांगाल: आम्ही कोळसा कापला.

तेवढ्याच हक्काने! हे शब्द देशाच्या पंतप्रधानाने उच्चारले आहेत. माझा सगळा दावा याच शब्दांवर उभा आहे आणि बिल्ल्याचे नियम याच शब्दांना जागलेले नाहीत.

त्यानंतर वर्षभराने बेव्हिन यांची चिठ्ठी आली. डिसेंबर १९४३. फौजेसाठी नोंदणी झालेल्या अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांपैकी दर दहातला एक खाणीत जाणार. शून्य ते नऊ असे आकडे हॅटमध्ये टाकायचे आणि एखादा काढायचा. ज्याच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा तो, त्याने खाणीत जायचं. वकिलाचा मुलगा असो की हमालाचा, शिफारस चालणार नाही. बेव्हिन स्वतः अनाथ, अकराव्या वर्षी शाळा सुटलेला, गाडीवान म्हणून राबलेला माणूस. समतेची ही कल्पना मला मनापासून पटते. १९४८पर्यंत सुमारे ४८,००० तरुण या योजनेत खाणींत गेले. वेल्सकडे येणाऱ्यांचं प्रशिक्षण ओकडेल इथे होई: चार आठवडे, मग नेमलेल्या खाणीवर आणखी दोन.

या पोरांचे हाल झालेच. त्यांना गणवेश नव्हता. मिळालं काय, तर हेल्मेट आणि बूट. रस्त्यात पोलीस अडवत आणि पळून आलेला सैनिक समजून कागद मागत. धडधाकट पोरगा साध्या कपड्यात फिरतो म्हणून लोक भेकड समजत. सुटका झाल्यावर सैनिकाला जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क होता, यांना नव्हता. शहरात वाढलेल्या, कोळसा फक्त शेगडीत पाहिलेल्या मुलांना त्या काळोखात उतरताना काय वाटलं असेल! लंडनच्या युद्धस्मारकावर दरवर्षी होणाऱ्या संचलनात त्यांना जागा मिळाली ती १९९८मध्ये. त्यांच्या बाजूने बोलायला पुढे चांगली, शिकलेली, लिहिती माणसं मिळाली, कारण त्यांच्यातच तशी माणसं होती. नाटककार पीटर शॅफर बेव्हिन बॉय होते, विनोदी नट एरिक मोरकमही.

आता दोन मुलं शेजारी उभी करा. दोघेही अठराचे, मार्च १९४४, एकच खाण. एकाला हॅटमधल्या आकड्याने आणलं. दुसऱ्याला कोणी आणलं? त्याच्या नावाची चिठ्ठी कधी कोणी काढलीच नाही. तो या दरीत, या घरात, या बापाच्या पोटी जन्मला, एवढ्यावर निकाल लागला होता. सक्ती दोघांवरही आहे. दुसऱ्यावर ती तीन वर्षं आधीपासून आहे, आणि खाली दोघांपैकी कुशल तोच आहे. पहिल्याला छपराची भाषा तोच शिकवतो. तरी पहिल्याचं खाणीत असणं हा 'त्याग' ठरतो आणि दुसऱ्याचं खाणीत असणं ही नेहमीची गोष्ट.

देश त्याग मोजतो कसा? काय गमावलं त्यावरून. ज्याच्यापुढे विद्यापीठ होतं, बँकेतली नोकरी होती, हवाई दलाचा निळा गणवेश होता, त्याने ते गमावलं असं दिसतं. ज्याच्यापुढे काहीच ठेवलेलं नव्हतं, त्याने काही गमावलं असं कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे आधी माणसाला पर्याय द्यायचा नाही, आणि मग पर्याय नव्हता म्हणून त्याच्या कष्टाची किंमत शून्य धरायची. जन्माने ठरलेलं काम हे काम करणाऱ्याचा 'स्वभाव'च समजलं जातं. मराठी वाचकाला हे कळायला वेल्सला जावं लागणार नाही. वेल्समध्ये जात नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. खाणीतल्या बापांची इच्छा पोराने खाली उतरू नये हीच असे. शिष्यवृत्ती मिळाली की मास्तर होऊन सुटणारी पोरंही होती. दार बंद नव्हतं, अरुंद होतं. युद्धाने ते बंद केलं.

मार्च १९४४चा उल्लेख मी मुद्दाम केला. त्या महिन्यात साउथ वेल्सच्या जवळजवळ लाखभर खाणकामगारांनी काम थांबवलं. कारण समजून घ्यायला थोडा हिशेब लागतो. १९४२मध्ये लॉर्ड ग्रीन यांच्या समितीने जमिनीखालच्या प्रौढ कामगाराचा किमान पगार आठवड्याला ४ पौंड ३ शिलिंग केला होता. जानेवारी १९४४मध्ये पोर्टर लवादाच्या निवाड्याने तो ५ पौंड केला. ऐकायला छान. पण तुकड्यावर, म्हणजे जेवढं काम तेवढे पैसे या हिशेबाने, काम करणाऱ्या कसबी माणसाचे दर तसेच ठेवले. ज्याने वीस वर्षांत कसब कमावलं तो, आणि नुकताच आलेला नवखा, यांच्या पगारातलं अंतर जवळपास पुसलं गेलं. नवख्याला कमी द्या असं कोणी म्हणत नव्हतं. आमच्या कसबाला किंमत आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

आणि हा प्रश्न वडीलधाऱ्यांना डावलून विचारला गेला. साउथ वेल्सच्या खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष आर्थर हॉर्नर कम्युनिस्ट, एके काळी तुरुंग भोगलेले, दऱ्यांमध्ये ज्यांचा शब्द खाली पडत नसे असे. सोव्हिएत रशिया युद्धात उतरल्यापासून उत्पादन थांबता कामा नये अशी त्यांची भूमिका होती. मंत्र्यांनी बजावलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं, नेत्यांनी विनवलं, दऱ्या ऐकेनात. माझ्या मते आपला मुलगा वयात आला तो इथे. कुठल्या लढाईत बंदूक धरून त्याला हे करावं लागलं नाही. आपल्या श्रमाचा भाव आपण बोलायचा, हे त्याने पहिल्यांदा ठरवलं आणि कमावत्याचा कर्ता झाला. गंमत अशी की मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. कामाला बांधून घेण्याइतका तो पंधराव्या वर्षी मोठा होता, पण १९४५मध्ये मजूर पक्षाला प्रचंड बहुमत देणाऱ्या निवडणुकीत मत द्यायला लहान ठरला.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. नॉर्मंडीची चढाई तीन महिन्यांवर आली होती. इटलीत ऐन लढाई चालू होती. त्याच दऱ्यांतली पोरं तिथे मरत होती आणि त्यांना पाळीनंतर घरी येता येत नव्हतं. अशा वेळी कोळसा थांबवणं म्हणजे भावाच्या पाठीत सुरा खुपसणं नव्हे का? भावाला गमावलेल्या आईने हा प्रश्न विचारला तर मी मान खाली घालून ऐकेन. तिला पगाराच्या तक्त्याने उत्तर देता येणार नाही.

पण हा प्रश्न सरकार विचारतं तेव्हा उत्तर देता येतं. संप काही आठवड्यांत मिटला, कारण मागणी मान्य करण्याजोगी होती. एप्रिलमध्ये चार वर्षांचा राष्ट्रीय वेतनकरार झाला. जे एप्रिलमध्ये देता आलं ते जानेवारीत का देता आलं नाही? युद्धात कामगाराने थांबायचं नाही हे तत्त्व मान्य केलं, तर त्याला थांबावं लागणार नाही याची काळजी घेण्याचं ओझं ज्याने त्याला बांधून ठेवलं त्याच्यावर येतं. हुकूम काढणाऱ्याला हे ओझं नको असतं. त्याच एप्रिलमध्ये सरकारने दुसरीही गोष्ट केली: अत्यावश्यक उद्योगात संपाला चिथावणी देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५०० पौंड दंड, असा नवा नियम आणला. आणणारे मंत्री तेच बेव्हिन, ज्यांचं आयुष्य कामगारसंघटना बांधण्यात गेलं होतं.

त्याला संसदेत सर्वांत कडवा विरोध केला तो एब्बू व्हेलच्या खासदाराने. नाव अन्यूरिन बेव्हन. (बेव्हिन आणि बेव्हन या दोन नावांनी इंग्रजी वाचकांचाही गोंधळ होतो; दोघे एकाच पक्षाचे आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे.) बेव्हन ट्रेडेगरचे, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले. या विरोधापायी पक्षातून हकालपट्टी होण्यापर्यंत पाळी आली. चारच वर्षांनी, जुलै १९४८मध्ये, याच माणसाने ब्रिटनला सरकारी आरोग्यसेवा दिली. तिच्यामागे ट्रेडेगरच्या कामगारांनी पगारातून वर्गणी काढून चालवलेल्या वैद्यकीय मंडळाचा अनुभव होता. १९४४मध्ये देशाची पर्वा नसलेले म्हणून ज्यांना झोडपलं, त्यांच्याच दरीतून देशाला आज सर्वांत लाडकी असलेली संस्था आली. 'देशद्रोही' हा शब्द वापरणाऱ्यांनी थोडं थांबावं, ते एवढ्यासाठी.

दुसरा आक्षेप: सैनिक मरायला तयार होऊन जातो, खाणकामगार संध्याकाळी घरी येतो. येतो, पण छातीत काय घेऊन येतो? कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं दगडासारखी करणारा न्यूमोकोनिओसिस साउथ वेल्समध्ये ब्रिटनच्या इतर कोळसापट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त होता, पश्चिमेकडच्या अँथ्रासाइट या कठीण कोळशाच्या खाणींत तर फारच. वैद्यकीय संशोधन परिषदेचे डॉक्टर १९३७पासून तिथे तपासणी करत होते. १९४३मध्ये भरपाईची योजना आली. तिची अट अशी की रोग आहे असं प्रमाणपत्र मिळालं की खाण सोडायची. म्हणजे कागदावर अत्यावश्यक असलेला माणूस धूळ ठरावीक मर्यादेबाहेर साठली की त्याच कागदाने मोकळा. युद्धानंतर असे हजारो लोक दऱ्यांमध्ये घरी बसले. चाळिशीत जिना चढताना थांबणारे. सैनिकाच्या जखमेला तारीख असते, लढाईचं नाव असतं. धुळीला दोन्ही नसतं. धुळीने होणाऱ्या श्वासनलिकेच्या आणि फुफ्फुसांच्या रोगांबद्दल सरकारी कोळसा कंपनी जबाबदार आहे, असा निकाल न्यायालयाने दिला तो १९९८मध्ये. बेव्हिन बॉईजना संचलनात जागा मिळाली तेच हे वर्ष. तोवर युद्धात राबलेल्या पिढीतले किती उरले असतील?

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. बेव्हिन लंडनमध्ये चिठ्ठ्या काढवत होते त्याच डिसेंबर १९४३मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री धनबाद-झरियाच्या कोळसापट्ट्यात खाणी आणि कामगारांच्या वस्त्या स्वतः फिरून पाहत होते. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हिंदुस्थानातही कोळशाची टंचाई होती, आणि इथल्या सरकारने तोड काढली ती अशी: १९३७पासून बायकांना जमिनीखाली कामाला लावायला पूर्ण बंदी होती, ती उठवली. सुरुवात मध्य प्रांतापासून झाली, ज्यात तेव्हा विदर्भ होता. फेब्रुवारी १९४४मध्ये यावर कायदेमंडळात टीका झाली तेव्हा बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली. ही युद्धकाळापुरती तजवीज आहे असं त्यांनी सांगितलं, आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, या तत्त्वावर बोट ठेवलं. त्याच सुमाराला खाणकामगारांसाठी कल्याणनिधी उभारणारा वटहुकूम निघाला. १९४६मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

बाबासाहेबांच्या भक्तांना हा प्रसंग अवघड वाटतो, म्हणून तो सांगितला जात नाही असं मला दिसतं. मला तो महत्त्वाचा वाटतो तो याच अवघडपणासाठी. हिंदुस्थानातली जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असं १९३६मध्ये मांडणारा माणूस युद्धातल्या सरकारच्या खुर्चीत बसला, तेव्हा त्यालाही सर्वांत खालच्या माणसाला आणखी खाली धाडणाऱ्या निर्णयाचं समर्थन करावं लागलं. फरक एवढाच की समर्थन करता करता त्याने मजुरीचा आणि कल्याणनिधीचा हिशेब त्याच टेबलावर मांडला. बंधन घालायचं तर मोल आधी, हा क्रम त्यांनी धरायचा प्रयत्न केला. १९४४च्या जानेवारीत लंडनला तो जमला नाही. झरियाच्या आणि चांद्याकडच्या खाणींत त्या अडीच-तीन वर्षांत राबलेल्या बायकांना मात्र बिल्ला देण्याची कल्पनाही कोणाला सुचली नाही.

'अत्यावश्यक' हा शब्द आपल्याकडे अजून जोमात आहे. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना 'मेस्मा', म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा कायदा, लावला आणि ओरड झाल्यावर त्याला स्थगिती दिली. मानधनावर काम करणाऱ्या, सरकारी कर्मचारी म्हणून मान्यता नसलेल्या बाया संपाच्या दिवशी मात्र राज्याला अत्यावश्यक! एसटीच्या लांबलेल्या संपात हाच कायदा पुन्हा काढून दाखवण्यात आला. अशा कायद्याची गरजच नाही असं मी म्हणत नाही. रुग्णालयातला प्राणवायू थांबता कामा नये. पण जो कागद माणसाला जाऊ देत नाही, त्याच कागदावर त्याला काय मिळेल हेही लिहिलेलं असलं पाहिजे. एका बाजूचा अत्यावश्यकपणा ही वेठ आहे. तिला मराठीत जुना शब्द आहे, नवा शोधायची गरज नाही.

मग ब्रिटनने करायचं काय? १९२६मध्ये जन्मलेला माणूस आता शंभरीला टेकला; नियम सैल केले तरी बिल्ला फार कोटांवर लागणार नाही. पण दऱ्यांमधल्या गावोगावी दोन वेगळे दगड आहेत. एक चौकात, युद्धात पडलेल्यांचा. दुसरा खाणीच्या जागेवर, अपघातात गेलेल्यांचा. १९३९ ते १९४५ या वर्षांत खाणीत मेलेल्यांची नावं पहिल्या दगडावर नेली तर कोणाच्या शौर्याला उणेपणा येणार नाही. पंतप्रधानाने 'तेवढ्याच हक्काने' असं म्हटलं होतं. दगडाला ते मान्य व्हायला हरकत नसावी.

१ जानेवारी १९४७ला खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. ही खाण आता लोकांच्या वतीने चालवली जाते, असा फलक फाटकाफाटकावर लागला. बँड वाजले, झेंडे चढले. मुलगा तेव्हा विशीचा होता. आता त्याला मुलगा म्हणणं बरोबर नाही. पुढच्या वर्षी शेवटच्या बेव्हिन बॉईजची सुटका झाली आणि आपापले दिवे दिव्यांच्या खोलीत जमा करून ते गावी गेले. दुसऱ्या सोमवारी सकाळच्या पाळीला तो नेहमीसारखा खिडकीपाशी आला, आपल्या नंबरचा दिवा घेतला आणि पिंजऱ्याच्या रांगेत उभा राहिला.